वेतनवाढीचा करार: पैसा सेवेच्या वर्षांना, सरसकट की कामाला?

मागणीपत्र

युनियन आणि कंपनीच्या त्रैवार्षिक करारात एकूण वाढ किती, यावर सहा-सहा महिने घासाघीस चालते. ती आपसांत वाटायची कशी, हे मात्र शेवटच्या एक-दोन बैठकांत उरकतात, आणि पुढची तीन वर्षं शॉपफ्लोअरवरची कुरबूर त्या घाईतूनच निघते. म्हणून हा धागा फक्त वाटपापुरता. एकूण आकडा ठरला आहे असं धरून चालू.

हिशोबाला सोपा एक नमुना घेतो. ऑटो पार्ट्सचं मशीन शॉप, १२० कायम कामगार. ३० जणांची सेवा सरासरी २२ वर्षं, ४० जणांची १३, उरलेल्या ५० जणांची ५.२. सगळ्यांची मिळून सरासरी बरोबर १२ येते. वाढ माणशी महिन्याला सरासरी ९,००० रुपये, तीन वर्षांत ५०:२५:२५ टक्के अशी. म्हणजे पहिल्या वर्षी ४,५०० आणि पुढे दोनदा २,२५०.

पहिला पर्याय: सगळ्यांना सरसकट ९,०००.

दुसरा: ६,००० सगळ्यांना, वर सेवेच्या दर पूर्ण वर्षाला २५०. यात २२ वर्षंवाल्याला ११,५०० आणि ५ वर्षंवाल्याला ७,२५० मिळतात. महिन्याला ४,२५० चा फरक.

तिसरा, जो हल्ली मॅनेजमेंटच्या प्रत्येक प्रस्तावात असतो: ५,००० सगळ्यांना आणि उरलेले सुपरवायझरच्या शेऱ्यावर. ए ला ६,०००, बी ला ४,०००, सी ला २,०००. प्रमाण २०:६०:२० टक्के. सरासरी पुन्हा ९,०००च.

कल दुसऱ्याकडे आहे, कारण वर्षं मोजता येतात, त्यात कुणाची मर्जी चालत नाही. पण ५० पोरं पाच वर्षंवाली आहेत आणि मतदानात तीच जास्त आहेत. जाणकारांनी हिशोबानिशी लिहावं. "अनुभवाला किंमत हवी" आणि "काम करेल त्याला दाम" एवढंच लिहायचं असेल तर त्यासाठी वेगळे धागे आहेत.

पंधरा_बाय_सव्वीस

पहिल्या पर्यायाला सरसकट म्हणता, तो तसा नाही. ९,००० बेसिकमध्ये गेले तर ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर, सेवेच्या सगळ्या वर्षांसाठी मोजली जाते. ९,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे दर वर्षामागे ५,१९२ रुपये. २२ वर्षंवाल्याची ग्रॅच्युइटी सहीच्या दिवशी नाही तरी हप्ते पूर्ण होताच मागच्या २२ वर्षांपोटी १ लाख १४ हजारांनी वाढते. पाच वर्षंवाल्याची २६ हजारांनी. म्हणजे सरसकट वाढीच्या पोटातही सेवाज्येष्ठता बसलेली आहेच, फक्त पगारपत्रकात दिसत नाही. दुसरा पर्याय निवडलात की तीच ज्येष्ठता दोनदा मोजली जाते: ११,५०० वर २२ वर्षांचा गुणाकार केला तर १ लाख ४६ हजार.

कंपनीचा फायनान्सवाला हा आकडा ॲक्चुरीकडून (पुढच्या देण्यांचा हिशोब करणारा तज्ज्ञ) आधीच काढून बसलेला असतो. युनियनच्या बाजूला तो कुणी काढत नाही. "आमची ऐपत नाही" म्हणतात तेव्हा पुष्कळदा बोलणं या मागच्या वर्षांच्या बोजाबद्दल असतं, महिन्याच्या ९,००० बद्दल नसतं.

म्हणूनच मॅनेजमेंट वाढ भत्त्यांत टाकायला बघते. पण तिथेही आता दोन अडथळे आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी बेसिकच धरायचा. जास्तीच्या कामावर कमी-जास्त होणारा इन्सेंटिव्ह त्यातून बाहेर. आणि वेतन संहितेच्या व्याख्येत, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग परत वेतनातच मोजला जातो.

हजेरीपट

तिसऱ्या पर्यायाचं काय होतं ते सांगतो. चार सुपरवायझर, प्रत्येकाकडे ३० माणसं. प्रत्येकाला ६ जण ए, ६ जण सी द्यायचेत. पहिल्या वर्षी तो खरोखर विचार करून देतो. ज्या सहांना सी मिळाला ते रात्रपाळीला ओव्हरटाइम थांबत नाहीत, रविवारी येत नाहीत. दुसऱ्या वर्षी सुपरवायझर शहाणा होतो आणि आळीपाळी लावतो: यंदा तुला ए, पुढच्या वर्षी त्याला. तिसऱ्या वर्षी ए म्हणजे निव्वळ भिशी. बरं, करारातली ही रक्कम बेसिकमध्ये असेल तर एका वर्षीचा ए जन्मभर पुरतो. नंतर माणूस ढिला पडला तरी तो पैसा परत घेता येत नाही.

स्टॉपवॉच

"काम करेल त्याला दाम" म्हणणाऱ्यांनी आधी बघावं की जास्त काम करणं त्या माणसाच्या हातात आहे का.

व्हीएमसीवरचा (उभ्या स्पिंडलचं संगणकी मशीन) एक जॉब घ्या. सायकल ४.२० मिनिटं. त्यातली ३.१० मिनिटं मशीन आपोआप चालतं. जॉब काढणं-लावणं, हवा मारणं, गेज लावणं हे हाताचं काम १.१० मिनिट. टाइम स्टडीत ऑपरेटरचा वेग ९० रेटिंगचा (१०० म्हणजे साधारण वेग) दिसला. आता बरेच जण अख्ख्या ४.२० ला ०.९० नं गुणतात आणि वर विश्रांतीची १५ टक्के सूट चढवून ४.३५ मिनिटं काढतात. चूक. मशीनला रेटिंग नसतं, स्पिंडल कुणासाठी जोरात फिरत नाही. रेटिंग हाताच्या भागालाच लावायचं: ०.९९, सूट धरून १.१४, अधिक ३.१०, एकूण ४.२४. (मशीनच्या वेळेवर काही ठिकाणी वेगळी लहान सूट देतात, ती इथे सोडली आहे.) जेवणाची सुट्टी वजा जाता ४५० मिनिटांच्या पाळीत पहिल्या हिशोबानं १०३ नग बसतात, दुसऱ्यानं १०६. रोजच्या या तीन नगांवर इन्सेंटिव्ह फुकट वाटला जातो आणि दोन वर्षांनी कुणीतरी नवा मॅनेजर येऊन "स्टँडर्ड ढिलं आहे" म्हणत कापायला निघतो. निम्मे इन्सेंटिव्ह वाद असेच सुरू होतात.

आता मुद्द्याचं. हाच ऑपरेटर १२० रेटिंगनं, विश्रांतीची सूट अजिबात न घेता राबला तर हाताचा भाग ०.८३ मिनिटावर येईल, सायकल ३.९३, नग ११४. म्हणजे पट्टीच्या माणसात आणि साधारण माणसात फरक साडेसात टक्के. एवढ्यासाठी ६,००० विरुद्ध २,००० अशी तिप्पट तफावत ठेवणं म्हणजे मशीनच्या वेळेचं बक्षीस माणसाला आणि मशीनच्या वेळेची शिक्षाही माणसालाच.

डीबरिंग, हाताची असेंब्ली, पॅकिंग इथे गोष्ट वेगळी. तिथे दोघांत ३०-४० टक्के फरक सहज पडतो आणि व्यक्तिगत इन्सेंटिव्ह चालतो. पण तिथे कायम कामगार उरलेत कुठे?

सेटर_नं_४

स्टॉपवॉचशी सहमत, पण त्यांनी चालू लाइन मोजली. अनुभव दिसतो तो लाइन थांबते तेव्हा. जॉब बदलताना फिक्स्चर बसवणं, डायल लावून अलाइन करणं, टूल ऑफसेट, पहिला नग क्यूसीकडून (दर्जा तपासणी) पास होईपर्यंत एकाला ९० मिनिटं लागतात आणि दुसऱ्याला ४०. पन्नास मिनिटांचा फरक, त्यांच्याच ४.२४ नं भागा: जवळपास १२ नग. दिवसभर जीव तोडून मिळणाऱ्या ८ नगांपेक्षा जास्त, तेही एका सेटिंगमध्ये.

शिवाय रिजेक्शन. कास्टिंग ६०० रुपयांचं धरा, दिवसाला ३०० नग. एक टक्का रिजेक्शन कमी झालं तर रोजचे १,८०० वाचतात. इन्सर्ट (कापणारं टोक) कधी बदलायचा हे काउंटर सांगतो, पण कास्टिंगची बॅच कडक आली की काउंटर संपायच्या आधी आवाज बदलतो, चिपचा रंग बदलतो. तो ओळखणारा माणूस बोअर बिघडायच्या आधी मशीन थांबवतो.

आता ज्येष्ठतावाल्यांना. हे सगळं वर्षं भरल्यानं येत नाही. वीस वर्षं एकाच ड्रिलिंग मशीनवर काढलेला माणूस सेटर नसतो. त्याचा दोष नाही, त्याला दुसरं मशीन दिलंच नाही. पण दर वर्षाला २५० देताना तुम्ही त्याला आणि खऱ्या सेटरला एकाच मापानं मोजताय.

लेव्हल_सहा

सरकारी बाजूचं लिहितो, कारण निव्वळ सेवाज्येष्ठतेचा एवढा मोठा प्रयोग दुसरीकडे नाही.

सातव्या वेतन आयोगाच्या मॅट्रिक्समध्ये (पगाराच्या तक्त्यात) केंद्राची लेव्हल ६ सुरू होते ३५,४०० ला. दर वर्षी ३ टक्के, शंभरात पूर्ण करून: ३६,५००, ३७,६००, ३८,७००. आठ वेतनवाढी झाल्या की ४४,९००. आणि लेव्हल ७ सुरू होते नेमकी ४४,९०० ला. म्हणजे वरच्या पदावर आज थेट भरती झालेला आणि खालच्या पदावर आठ वाढी घेतलेला एकाच बेसिकवर. वरच्या जबाबदारीची किंमत आठ वर्षं खुर्चीवर बसण्याइतकी. आयोगानं हे सरळ छापून दिलंय, म्हणून भांडण कमी. ज्याला त्याला आपला पुढचा रकाना आज दिसतो.

पदोन्नती अडली तर १०, २०, ३० वर्षांनी आश्वासित प्रगती, म्हणजे पद तेच, पगाराची लेव्हल वरची. शाळांत १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी, आणि निवड श्रेणी २० टक्के पदांपुरतीच. कामाचा संबंध जोडायचे प्रयत्न झाले. न्या. श्रीकृष्णांच्या सहाव्या आयोगानं २००८ च्या अहवालात कामाशी जोडलेल्या प्रोत्साहन रकमेची योजना सुचवली होती. सातव्यानं आश्वासित प्रगतीसाठी अहवालातला शेरा "चांगला" वरून "अतिशय चांगला" वर नेला. परिणाम काय? शेरे वर सरकले. २००८ च्या देव दत्त निकालानंतर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवावा लागतो, म्हणजे खालचा शेरा लिहिणाऱ्याला त्यामागचं कारणही कागदावर तयार ठेवावं लागतं. एवढा व्याप कोण करणार?

म्हणून माझं मत: मोजायला माणूस तयार नसेल तर वर्षंच मोजा. निदान ती खोटी नसतात.

बेंचवरून

आयटीत उलटं टोक आहे. वर्षांना किंमत शून्य, आणि तरीही योगदानाला पैसा मिळतो असं नाही. पैसा मिळतो बाजारभावाला.

बँडचा (त्या पदाच्या पगाराच्या पट्ट्याचा) मध्य वर्षाला १२ लाख धरा. चार वर्षं आत असलेला दर वर्षी ७-८ टक्के घेत ९.६० लाखांवर पोचतो, म्हणजे मध्याच्या ०.८०. बाहेरून आलेला, त्याच कामावर, १२.६० घेऊन बसतो: १.०५. जुना नव्याला काम शिकवतो आणि तीन लाख कमी घेतो. अप्रेजलमध्ये जुन्याला सर्वोच्च रेटिंग देऊन १२ टक्के दिले तरी तो १०.७५ वर. रेटिंगनं ही दरी भरत नाही. ती भरायची तर दुरुस्तीचा निधी वार्षिक वाढीपासून वेगळा ठेवावा लागतो आणि ०.८५ च्या खाली असलेल्या, काम ठीक असलेल्या प्रत्येकाला आधी तिथवर आणावं लागतं. हे न केल्यानं लोक नोकरी सोडून, वर्षभरानं ३५ टक्के जास्त घेऊन, त्याच कंपनीत परत येतात.

बेल कर्व्हबद्दल (ठरलेल्या टक्क्यांतच ए-बी-सी वाटणं) हजेरीपट म्हणाले तेच. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी २०-७०-१० (वरचे, मधले, खालचे टक्के) गाजवलं, मायक्रोसॉफ्टनं तसली सक्तीची उतरंड २०१३ मध्ये बंद केली. दहा चांगल्या लोकांच्या टीममध्ये दोघं वाईट ठरणारच असतील तर शहाणा माणूस चांगल्या टीममध्ये जातच नाही.

अर्थाअर्थी

दोन अभ्यास या चर्चेत यायलाच हवेत, दोन्ही एडवर्ड लाझीअर या अर्थतज्ज्ञाचे.

१९७९ चा त्यांचा युक्तिवाद: सुरुवातीला माणसाला त्याच्या कामापेक्षा कमी आणि शेवटी जास्त देणं हा मूर्खपणा नाही, ती उधारी आहे. तरुणपणी कापलेलं म्हातारपणी परत. माणूस टिकतो, कामचुकारपणा करून नोकरी घालवायला भितो. सक्तीचं निवृत्तीवय त्यामुळेच लागतं, नाहीतर परतफेड संपतच नाही. मागणीपत्र यांच्या ३० ज्येष्ठांचा दावा हाच आहे: आम्ही आमचा कमी पगाराचा काळ भरलाय.

२००० चा अभ्यास: गाडीच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट कंपनीनं तासाचा पगार सोडून नगावर पैसे सुरू केले. माणशी काम ४४ टक्के वाढलं. हा आकडा सगळे सांगतात. दोन गोष्टी सांगत नाहीत. एक, त्यातली साधारण निम्मीच वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्याची; उरलेली जलद माणसं येऊन-टिकून झाली. दोन, बसवलेली काच बिघडली तर ती त्याच कामगारानं स्वतःच्या वेळेत पुन्हा बसवायची आणि काचेचे पैसेही भरायचे, असा नियम होता. दर्जाची ही खुंटी नसती तर ४४ चा आकडा काढून उपयोग नव्हता. वेल्स फार्गो बँकेत ती खुंटी नव्हती: खाती उघडण्याची टार्गेट्स लावली, कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली, २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० जण कामावरून गेले.

हजेरीपट

लाझीअरची उधारी चालते ती कंपनी पंचवीस वर्षं टिकणार असेल तर. पाच वर्षंवाल्या पोरांचा तिच्यावर विश्वास नाही आणि तो का असावा? प्लांट हलवतात, व्हीआरएस आणतात. "आत्ता कमी घे, पुढे मिळेल" हे वचन कोण देतंय ते बघा.

ऊसपट्टा

अवांतर, पण अगदीच नाही. शंभर टक्के योगदानावर वेतन बघायचं असेल तर ऊसतोड बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता, दर टनावर. वीस वर्षं तोडणाऱ्याला आणि पहिल्या हंगामाला आलेल्याला भाव एकच. पाऊस पडला, कारखान्याच्या काट्यावर गाड्या अडकल्या, फडात लोळलेला ऊस निघाला, तर टन कमी भरतात आणि तो तोटा सगळा कोयत्याचा. वर उचल फिटायची बाकी. पूर्ण नगावर गेलं की व्यवस्थेतला प्रत्येक बिघाड कामगाराच्या खिशातून भरला जातो, स्टॉपवॉच म्हणाले ते हेच.

कलम_नऊ_अ

कायद्याचं थोडक्यात.

चालू इन्सेंटिव्ह योजना किंवा सेवेनुसारची वाढ एकतर्फी बदलता येत नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ आणि चौथी अनुसूची, आताच्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० आणि तिसरी अनुसूची. २१ दिवसांची नोटीस दोन्हीकडे आहे. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्यांना लागू होतो, परस्पर केलेला फक्त सही करणाऱ्या पक्षांना. वाटपात ५० पोरं नाराज होऊन वेगळी युनियन धरण्याची शक्यता असेल तर समेट अधिकाऱ्यासमोरच सह्या करा.

मर्जीचा मुद्दा: महाराष्ट्राच्या १९७१ च्या एमआरटीयू-पीयूएलपी कायद्यात (युनियनची मान्यता आणि अनुचित प्रथांचा कायदा), चौथ्या अनुसूचीच्या बाब ५ मध्ये, गुणवत्ता न बघता एका गटावर मेहेरबानी करणं ही अनुचित प्रथा आहे. यात गुणवत्तेवर फरक करायला बंदी नाही. पण ती गुणवत्ता दाखवता आली पाहिजे. नुसता "ए" हा पुरावा नव्हे. चाचणीचा कागद, तारीख, तिघांच्या सह्या असतील तर टिकतं.

आणि सगळे विसरले ते: त्याच मशीनवर कंत्राटी आणि ट्रेनी पोरं उभी आहेत. तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांबाबत जगजीत सिंग निकालानं, ऑक्टोबर २०१६ मध्ये, समान कामाला वेतनश्रेणीचा किमान पगार दिला. किमान, म्हणजे सुरुवातीचा रकाना. वार्षिक वाढी नाहीत. सेवाज्येष्ठता हा किती जणांचा हक्क आहे हे त्यावरून कळतं.

मागणीपत्र

धन्यवाद, भरपूर मिळालं. सेवेचा दर उतरवतोय आणि सुपरवायझरचा शेरा पूर्ण काढतोय. नवा आराखडा, सरासरी ९,००० चाच:

सगळ्यांना ५,५००. सेवेच्या दर वर्षाला १००, सरासरी १,२००. कौशल्याच्या तीन पायऱ्या, ७००, १,४०० आणि २,२००, सरासरी सुमारे १,५००. उरलेले ८०० गटाचा मासिक इन्सेंटिव्ह, बेसिकच्या बाहेर, सेलनिहाय (मशीनच्या गटानुसार), पास झालेल्या नगांवर.

कौशल्याची पायरी लाइनवर टांगलेल्या स्किल मॅट्रिक्सवरून: चार भागांचं वर्तुळ, तीन भाग भरले म्हणजे स्वतंत्रपणे चालवतो, चार भरले म्हणजे शिकवू शकतो. एका मशीन प्रकारावर तीन भाग, पहिली पायरी. दोन प्रकारांवर, दुसरी. तीन प्रकार आणि सेटिंग, तिसरी. फोडा आता.

स्टॉपवॉच

तीन ठिकाणी गळेल.

एक, खर्च वर चढतो. आज ३० जण पहिल्या पायरीवर, ५० दुसऱ्या, ४० तिसऱ्यावर धरले तर सरासरी १,४९२. तीन वर्षांत सगळे तिसरीवर गेले तर २,२००. महिन्याला ८५,००० जास्त. हे आधी लिहून घेतलं नाही तर कंपनी चाचण्याच घेणं बंद करेल. चाचणी अर्ज दिल्यापासून ६० दिवसांत झाली नाही तर पायरी आपोआप मिळेल, हे कलम घाला.

दोन, सेटर_नं_४ यांचा ड्रिलिंगवाला. मशीन बदलून मिळालं नाही तर तो शिकणार कसा? रोटेशनचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर, आणि नकार सुपरवायझरनं लेखी द्यायचा.

तीन, मॅट्रिक्स रंगवतो कोण? ऑडिट जवळ आलं की वर्तुळं एका रात्रीत भरतात. चाचणी जॉबवर घ्या: ड्रॉइंग हातात, रिकामं फिक्स्चर, सेटिंग ठरलेल्या वेळेत, सलग ५ नग मापात. मोजणारा क्यूसीचा, बघणारे एक युनियनचा आणि एक दुसऱ्या सेलचा सुपरवायझर. बारा महिन्यांनी फेरचाचणी. नापास झाला तर पैसा कापायचा नाही, पुढची पायरी अडवायची. कापण्याच्या कलमावर कुणीही सही करणार नाही.

सेटर_नं_४

गटाच्या इन्सेंटिव्हमध्ये सेल किती मोठा? ८ ते १२ माणसांच्या वर गेलात की कुणाला वाटत नाही आपल्यामुळे काही फरक पडतो. आणि तिन्ही पाळ्या एकाच गटात घ्या. नाहीतर सकाळपाळी झिजलेला इन्सर्ट तसाच सोडून जाते आणि रिजेक्शन दुपारपाळीच्या नावावर चढतं.

मशीन बंद पडलं, पॉवर गेली, कास्टिंग आलं नाही, तो वेळ वजा करा. पण त्यासाठी बंद पडल्याची वेळ ऑपरेटरनं नाही, मेंटेनन्सच्या तिकिटावरून घ्यायची.

लेव्हल_सहा

बँकांनी गटाचं गणित आणखी मोठं केलंय. २०२० च्या द्विपक्षीय करारात सरकारी बँकांना ऑपरेटिंग प्रॉफिटच्या वाढीवर: ५ टक्क्यांखाली काही नाही, ५ ते १० ला ५ दिवसांचं बेसिक-डीए, १० ते १५ ला १० दिवसांचं, त्यावर १५ दिवसांचं. त्या करारात शिपायापासून वरपर्यंत दिवस एकच होते. भांडण नव्हतं, आणि प्रामाणिकपणे बघितलं तर काउंटरवरच्या माणसाच्या कामाशी संबंधही नव्हता. सेटर म्हणतात तो १२ चा आकडा म्हणून महत्त्वाचा.

बेंचवरून

सेवेच्या १०० रुपयांना वरची मर्यादा आहे का? नसेल तर पुढच्या करारात तो दर पुन्हा बेसिकवर चढेल.

पंधरा_बाय_सव्वीस

मर्यादेपेक्षा हप्त्यांकडे बघा, तिथे ज्येष्ठांचं खरं नुकसान आहे आणि अजून कुणी बोललं नाही.

करारात ५०:२५:२५ लिहिलं की जो माणूस पहिल्याच वर्षात निवृत्त होतो त्याचा शेवटचा पगार निम्म्या वाढीवर थांबतो. सरसकट पर्यायात, ३० वर्षं सेवेच्या माणसाला ९,००० ऐवजी ४,५०० वरच ग्रॅच्युइटी मिळते. तफावत ४,५०० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ३०: ७७,८८५ रुपये. मासिक पगारातला तोटा वेगळा.

तुमच्या नव्या आराखड्यात त्याचा सेवेचा भाग ३,००० आहे. तेवढा भाग हप्त्यांतून बाहेर काढा, पहिल्या महिन्यापासून पूर्ण द्या. त्याला ग्रॅच्युइटीत २५,९६२ परत मिळतात.

मागणीपत्र

१२० जणांना सेवेचा भाग पहिल्या वर्षी पूर्ण म्हणजे महिन्याला ७२,००० जास्त. मॅनेजमेंट मानेल?

पंधरा_बाय_सव्वीस

कौशल्याचा पहिला हप्ता त्यातूनच वळता करा. चाचण्यांची समिती बसवून, रोटेशन लावून, पहिली फेरी उरकायला वर्ष जाणारच. त्या वर्षी कौशल्याचा भाग देण्यासारखा निकालच हातात नसेल. त्याचा पहिला ५० टक्के हप्ता सुमारे ९०,००० चा आहे. तो दुसऱ्या वर्षावर ढकलला की ७२,००० निघून वर १८,००० उरतात. पोरांना मात्र हे बैठकीत फळ्यावर लिहून दाखवा, कारण पहिल्या वर्षीच्या पगारपत्रकात त्यांना फक्त ५,५०० चा निम्मा हप्ता, सेवेचे पाचशे आणि गटाच्या इन्सेंटिव्हचा अर्धा भाग दिसणार आहे, आणि गेटवर त्याच आकड्यावर बोललं जाईल.